'स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड' या शब्दाचे खंड कसे पाडावेत?

प्रश्न : मी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षात शिकते. मानेच्या बाजूने तिरक्या जाणाऱ्या या स्नायूचे नाव तोंडी परीक्षेत न अडखळता म्हणता यावे, यासाठी त्याचे खंड कोठे पाडावेत आणि आघात कोठे द्यावा?

उत्तर १ : यात सहा उच्चारखंड आहेत : स्टर्–नो–क्लाय–डो–मॅस्–टॉइड. मुख्य आघात 'मॅस्'वर येतो. 'स्टर्' आणि 'क्लाय' यांवर तो हलका असतो. 'टॉइड' देवनागरीत दोन अक्षरांसारखा दिसला, तरी तो एकच खंड आहे.

उत्तर २ : खंड पाठ करण्यापूर्वी शब्दाचे घटक ओळखावेत, असे माझे ठाम मत आहे. 'स्टर्नो' म्हणजे उरोस्थी, म्हणजेच छातीच्या मधोमधचे हाड, 'क्लायडो' म्हणजे जत्रुक, म्हणजेच खांद्याकडे जाणारे गळ्याखालचे हाड, आणि 'मॅस्टॉइड' म्हणजे कानामागचा हाडाचा उंचवटा. स्नायू पहिल्या दोन हाडांपासून निघून तिसऱ्या जागी जोडला जात असल्यामुळे, नाव नीट उच्चारले की त्याचे उगम आणि निवेशनही क्रमाने सांगून होते. शिवाय 'क्ली' म्हणू नये. इंग्रजी कोशांत 'क्लाय' असाच उच्चार दिलेला आहे.

उत्तर ३ : सराव शेवटाकडून करावा : टॉइड, मॅस्टॉइड, डोमॅस्टॉइड, क्लायडोमॅस्टॉइड. त्यामुळे मुख्य आघात सुरुवातीपासून योग्य जागी बसतो.