भरपाई मिळाली ती मालकांना

१८३३ साली ब्रिटनने गुलामगिरी बंद केली ती निव्वळ माणुसकीपोटी, हे मत मला पटत नाही. गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या लोकांची तळमळ खरी होती, पण १८३१ च्या नाताळात जमैका या ब्रिटिश वसाहतीत सॅम्युएल शार्प या गुलाम धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने हजारो गुलाम उठले, त्याचा धसका संसदेने घेतला होता. शार्पला पुढे फाशी दिलं. आणि कायद्याने भरपाई कुणाला दिली? दोन कोटी पौंड, तेही मालकांना! पिढ्यान् पिढ्या राबलेल्यांना दमडीही नाही. उलट त्यातल्या बहुतेकांना १८३८ पर्यंत ‘शिकाऊ’ म्हणून त्याच मालकांकडे राबवलं. हे वाचून आजही संताप येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातला हिंदुस्थान तर या कायद्यातून वगळलेलाच होता. इथे कायदा झाला १८४३ मध्ये.