बडोद्याजवळ आजव्याकडच्या पार्कला दिवसभर जायचंय: काय घालायचं, काय न्यायचं?

दांडियाबाजार_गल्ली

नमस्कार मंडळी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही ९ जण आजव्याकडच्या थीम पार्कला जाणार आहोत, कोरड्या राइड्स आणि पाण्याच्या घसरगुंड्या दोन्ही करायच्या आहेत. मोठी माणसं ४, मुलं ४ (वय ४, ७, ११ आणि १४) आणि सासूबाई, वय ६८. त्या सहावारीच नेसतात, पाण्यात उतरणार नाहीत पण नातवंडं दिसली पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं.

अडलेल्या गोष्टी अशा. सुती कपडे पाण्यात चालत नाहीत म्हणतात, मग घरात असलेली लायक्राची लेगिंग आणि टीशर्ट चालेल का? धाकट्याला डायपर लागतो. मंगळसूत्र, चष्मे, मोबाईल यांचं काय करायचं? आणि डबा न्यायचा की नाही?

कापडवाला_मंगळबाजार

ताई, लेगिंगचं आधी बघा, कारण गेटवर सगळ्यात जास्त तिथेच अडतं. बाजारात 'लायक्रा लेगिंग' म्हणून जी मिळते ती बहुतेक वेळा ९५ टक्के सुती आणि ५ टक्के लायक्रा असते. ताणली जाते म्हणून लोकांना ती पोहण्याची वाटते. आतल्या शिवणीवरचं लेबल वाचा. नायलॉन किंवा पॉलिएस्टर ८० टक्क्यांच्या आसपास आणि बाकी लायक्रा असेल तर ते पोहण्याचं कापड. लेबल कापलेलं असेल तर कापडावर पाण्याचा एक थेंब सोडा. सुती कापड थेंब लगेच पिऊन टाकतं, पोहण्याच्या कापडावर तो थोडा वेळ मोत्यासारखा उभा राहतो. तरी शंका राहिली तर शिवणीतला एक धागा काढून मोरीत काडीने पेटवा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, नायलॉन किंवा पॉलिएस्टर वितळून त्याची टणक गोळी होते.

सुती बंद का, हेही सांगतो, म्हणजे गेटवर वाद घालायची वेळ येणार नाही. सुती कापड पाणी धरून जड होतं, अंगाला गुंडाळतं आणि घसरताना पायात येतं. त्याचे तंतू सुटून फिल्टरमध्ये अडकतात, रंग पाण्यात उतरतो. जीन्सची रिव्हेट, धातूची चेन, कडक बटण यांचा त्रास वेगळा. घसरगुंडी फायबरची असते, त्यावर ओरखडा पडला की पुढच्या माणसाची पाठ सोलते. म्हणून ओढणी, सलवार, साडी, धोतर, कार्गो पँट सगळं बाहेर.

मुलींसाठी गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक आणि आत घोट्यापर्यंत लेगिंग असा पोहण्याचा सेट घ्या, वर पूर्ण बाह्यांचा असेल तर उत्तम. घसरगुंडीच्या जोडांवर कोपर घासतात ते त्याने वाचतं आणि उन्हापासूनही बचाव होतो. पुरुषांना मांडीपर्यंतची घट्ट शॉर्ट आणि पॉलिएस्टरचा टीशर्ट पुरतो. आतले कपडेही सिंथेटिकच घाला, सुती चड्डी ओली राहून मांड्या घासते.

तरणतलाव

वरचं बरोबर. मुलांच्या कपड्यांचा रंग मात्र निळा, पांढरा किंवा राखाडी घेऊ नका. पाण्याखाली ते तळात विरघळून जातात, वरून मूल दिसत नाही. भडक नारिंगी, चमकता पोपटी, गुलाबी घ्या. दुकानात निळ्याचीच चळत मोठी असते, तरी.

४ वर्षांच्याला नेहमीचा डायपर अजिबात नको. तो पाणी शोषून वीट होतो, खाली घसरतो, कधी फुटून आतली जेल पाण्यात पसरते. पोहण्याचा वेगळा डायपर मिळतो, ४ घ्या. तो शू अडवत नाही, फक्त घट्ट मळ थोडा वेळ अडवतो, म्हणून दर अर्ध्या तासाने मुलाला न्हाणीघरात न्यायचंच. पोट बिघडलं असेल तर त्या दिवशी त्याला पाण्यात उतरवू नका.

फुगवायच्या बाहीच्या पट्ट्यांवर भरवसा नको. त्या दंडावरून निसटतात. पार्कात लाइफ जॅकेट मिळतं, कमरेचा पट्टा आणि पायांमधला पट्टा दोन्ही लावलेत का बघा. खालचा पट्टा सुटा राहिला की जॅकेट वर सरकून तोंडावर येतं. लाटांच्या तलावात लहान मूल हाताच्या अंतरावर, त्याहून लांब नाही. जीवरक्षक असतात, पण लाट आल्यावर एका माणसाला पन्नास डोकी दिसतात.

दागिने घरी. गार पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी सुटते, काळ्या मण्यांची सर घसरगुंडीच्या कडेला अडकून तुटते. चांदीही क्लोरीनने काळवंडते.

चष्म्याला मागून रबरी पट्टा लावा, कोरड्या राइडलाही. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात जाऊ नये, लेन्सच्या मागे पाणी अडकून डोळ्याला जंतुसंसर्ग होऊ शकतो. कानाचा पडदा फाटलेला असेल, कान वाहत असेल, अंगावर उघडी जखम असेल तर पाणी वर्ज्य.

आणखी एक, मोकळेपणाने लिहिते, कारण कोणी विचारत नाही. पाळी असेल तर पॅड पाण्यात चालत नाही, फुगून निसटतो. कप किंवा टॅम्पॉन ज्यांना सवयीचा आहे त्यांनी तो वापरावा. पहिल्यांदाच त्या दिवशी करून बघू नये. नाहीतर कोरड्या राइड्स आहेतच.

सहलप्रमुख

कपडे झाले, आता दिवसाचा क्रम, कारण बॅग त्यावरून भरते. बरेच जण गेटमधून थेट पाण्यात पळतात आणि दुपारी ओल्या अंगाने कोरड्या राइडला जातात. तिथे ओल्या कपड्यात बसू देत नाहीत, मग पुन्हा कपडे बदलायची रांग. उलट करा. सकाळी कोरड्या राइड्स, मग जेवण, थोडी विश्रांती आणि साधारण ३ वाजता पाणी. ११ ते ३ चं ऊन सर्वात कडक, तेव्हा पाण्यात असलात तर अंग भाजलेलं संध्याकाळीच कळतं. शिवाय सकाळी लोखंडी पट्ट्या आणि सीट तापलेल्या नसतात.

कोरड्या वेळी सुती कपडेच बरे, हलके आणि सैल. मात्र ओढणी, स्कार्फ, लोंबणारी दोरी राइडवर नको, चाकात अडकते. केसांची वेणी किंवा अंबाडा. खिशाला चेन असू द्या, नाहीतर उलटं फिरवणाऱ्या राइडवर खिसा रिकामा होतो. पायात मागे पट्टा असलेली वेल्क्रोची सँडल घाला. चप्पल हवेत उडते, क्रॉक्ससारखी पादत्राणं ओल्या फरशीवर पाय मुरगळवतात आणि अनवाणी दुपारचा सिमेंटचा रस्ता चटका देतो.

७ वर्षांच्या मुलाची उंची घरी अनवाणी मोजून जा. मोठ्या राइड्सना बहुतेक ठिकाणी १२० सेंमीची किंवा त्याहून जास्त अट असते. एक सेंमी कमी असेल तर तासभर रांगेत उभं राहून शेवटी रडारड होते. गरोदर बाई, हृदयविकार, पाठ-मानेचं दुखणं, नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल तर जोराच्या राइड्स नाहीत.

सासूबाईंसाठी बोलायचं तर पाण्याच्या भागात साडीने आत बसता येईल का, हे तिकीट काढण्याआधी फोन करून विचारा. बऱ्याच ठिकाणी तलावाच्या कट्ट्यालगत फक्त पोहण्याच्या पोशाखवालेच जाऊ शकतात, प्रेक्षकांची सावली वेगळी असते. त्यांना घडीची हलकी खुर्ची, छत्री, पुठ्ठ्याचा पंखा, ओला रुमाल गळ्यावर. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून जा, त्या गोळ्यांवर उन्हात चक्कर लवकर येते.

फराळवाली_प्रतापनगर

डब्याबद्दल. बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं आत घेऊ देत नाहीत, बाळाच्या अन्नाला आणि औषधाला सूट असते. म्हणून डबा गाडीत ठेवायचा आणि आजवा चोकडीला, म्हणजे चौकात, परतताना खायचा. पण बडोद्याच्या मेच्या उन्हात बंद गाडी भट्टी होते. त्यामुळे दही, पनीर, बटाट्याची भाजी, ओल्या नारळाची चटणी काही नको. दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या, तेलाचे कोरडे थेपले, शेंगदाण्याची कोरडी चटणी, लिंबाचं लोणचं, भाजलेल्या पोह्यांचा चिवडा टिकतो. सेव उसळ येताना गावात खा, जाताना नको, रस्सा आणि उलटं फिरवणारी राइड यांचं जमत नाही. माणशी ३ थेपले धरले तर २७ होतात, मी ३० करेन.

आलेपाकाची वडी मात्र नक्की न्या. गरगरणाऱ्या राइडनंतर कित्येकांचं मळमळणं तिने शांत होतं.

मांजलपूर_०९

पाण्यातच असतो ना आपण, घाम येत नाही, मग पाण्याच्या बाटल्या कशाला भाराभर?

तरणतलाव

भाऊ, घाम येतो, धुऊन जातो म्हणून दिसत नाही. पाण्यात डोकं थंड असतं, तहान लागत नाही, आणि चौथ्या घसरगुंडीला पोटरीत गोळा येतो. दर तासाला मोठ्यांनी एक ग्लास, मुलांनी अर्धा. ओआरएसची ४ पाकिटं न्या. किती पाण्यात घालायचं ते पाकिटावर वाचा, मोठं पाकीट १ लिटरचं, छोटं २०० मिलीचं असतं. अर्ध्या लिटरमध्ये मोठं पाकीट घातलं तर खारट आणि उलट त्रासदायक होतं, शीतपेयात तर मुळीच नको.

कापडवाला_मंगळबाजार

सनस्क्रीन राहिलं. एसपीएफ ३० किंवा ५०, बाटलीवर 'वॉटर रेझिस्टंट' ४० किंवा ८० मिनिटं लिहिलेलं. बाहेर पडण्याआधी १५-२० मिनिटं लावा, चेहरा-मानेला दोन बोटांच्या लांबीइतकं. लोक वाटाण्याएवढं लावतात आणि नाक सोलून येतात. प्रत्येक वेळी पुसल्यावर परत, नाहीतर दर दोन तासांनी. बाटली गाडीत ठेवू नका, उन्हात बिघडते.

दांडियाबाजार_गल्ली

खूप आभार सगळ्यांचे. पोशाख तिथे भाड्याने मिळतो म्हणे, तो घ्यावा का? आणि मोबाईलचं?

सहलप्रमुख

मोठ्यांना भाड्याचा चालेल, पण मांडीचं आणि कमरेचं इलॅस्टिक ताणून बघून घ्या, गाठ मारून चालत नाही. मुलांचे मापाचे आधीच संपतात, त्यांचे स्वतःचेच हवेत. खंडेराव मार्केटच्या बाजूला किंवा मंगळ बाजारात घेताना मूल सोबत न्या. पोहण्याचा कपडा सैल घेतला की घसरगुंडीत फुगून वर येतो.

मोबाईल लॉकरमध्ये. गळ्यातली जलरोधक पिशवी न्यायचीच असेल तर आदल्या रात्री तिच्यात टिशू घालून बादलीत अर्धा तास बुडवा, टिशू कोरडा राहिला तरच विश्वास. फोन 'वॉटरप्रूफ' आहे हे क्लोरीनच्या पाण्यासाठी पुरत नाही, ती चाचणी साध्या पाण्यात झालेली असते. लॉकरची किल्ली मनगटाच्या इलॅस्टिकला सेफ्टी पिनने टाचा. पैसे झिपच्या छोट्या पाकिटात, अनामत रक्कम परत घेताना सुटे लागतील.

टॉवेल जाड टर्किश नकोत. एक ओला झाला की बॅग उचलत नाही. पंचे न्या, तासाभरात वाळतात. ओल्या कपड्यांसाठी मेणकापडाची मोठी पिशवी, गाडीत सीटवर टाकायला एक जुनं प्लास्टिक.

कापडवाला_मंगळबाजार

घरी आल्यावर पोशाख लगेच साध्या थंड पाण्यात धुवा, पिळू नका, सावलीत वाळत घाला. क्लोरीन आणि गरम पाण्याने लायक्रा सुटते, पुढच्या वेळी ढुंगणावर पिशवी होते.

दांडियाबाजार_गल्ली

पंचे मग ९?

सहलप्रमुख

१२. आजींचे दोन, एक ओला करून डोक्याला. बाकीच्या १० पंचांतले काही मुलं कुठेतरी विसरणारच.