मदत हवी आहे : मॅट वार्निश मारलं आणि वैमानिक पांढरा पडला

नमस्कार मंडळी,

मुक्काम मालवण, बाहेर श्रावणाची झोड. तीन महिने खपून रंगवलेला पुतळा परवा पाच मिनिटांत माझ्याच हाताने घालवलाय. तो वाचेल का, एवढंच विचारायचंय.

पुतळा रेझिनचा, १/१६ प्रमाणाचा, म्हणजे उभा साधारण ११ सें.मी. १९४० मधला रॉयल एअर फोर्सचा लढाऊ वैमानिक. डोकं उघडं, चामड्याची टोपी हातात, अंगात निळसर करडा गणवेश, वर 'मे वेस्ट' जीवरक्षक जाकीट, पायात लोकरीचं अस्तर असलेले बूट. डब्यावर अर्थातच गोरा साहेब छापलाय. मला तो आपल्याकडचा करायचा होता. १९४० साली इथून २४ भारतीय वैमानिक ब्रिटनला गेले होते, हे वाचल्यापासून ते डोक्यात होतं. त्यांच्यातले महिंदरसिंग पुज्जी तर पगडी बांधूनच हरिकेन हे लढाऊ विमान उडवायचे. पण पुट्टीने पगडी वळण्याइतका माझा हात तयार नाही, म्हणून हा कुणीतरी एक, बाहीवर पायलट ऑफिसरची एकच बारीक पट्टी असलेला.

गणवेशाला हम्ब्रॉल कंपनीचा ९६ नंबरचा रंग, घड्यांत तोच काळा मिसळून, उंचवट्यांवर थोडा करडा. जाकिटावर मात्र जीव ओतला. जुन्या नमुन्याचं जाकीट मळकट खाकी असायचं. समुद्रात पडलो तर वरून दिसावं म्हणून वैमानिक ते स्वतःच पिवळं रंगवून घ्यायचे. तेव्हा आधी सगळं खाकी केलं आणि त्यावर पिवळा असा घासला की शिवणीत नि बंदांच्या खाली खाकी डोकावत राहील. होडीला दरवर्षी रंग काढणाऱ्या गावात राहतो, ब्रशने घाईत मारलेला रंग कुठे पोचत नाही ते पाहायला लांब जावं लागलं नाही.

चेहरा ॲक्रिलिकवर कॅमलिनच्या ऑइल ट्यूबांनी केला. बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि नावापुरता पांढरा. पहिल्या खेपेला उजळ भागांसाठी पांढरा सढळ हाताने घातला, तर गडी राख फासल्यासारखा दिसायला लागला. सगळं पुसून उजळ जागी ऑकर आणि किंचित नारिंगी, सावलीत लालसर तपकिरी. तेव्हा कुठे माणूस उन्हात उभा राहिल्यासारखा वाटला. डोळ्यांसाठी आमच्या आळीतल्या गणपतीच्या शाळेत जाऊन बसलो. मूर्तिकार काका म्हणाले, "डोळे शेवटाक रे, आमी आखणी सगळा झाल्यार करतो." आमच्या छंदात नेमकं उलट, डोळे आधी करून पापण्यांनी चूक झाकायची. पण बुबुळ वरच्या पापणीखाली थोडं दडलेलं हवं, पूर्ण गोल दिसलं की मूर्ती दचकल्यासारखी दिसते, हे त्यांनी सांगितलेलं दोन्हीकडे लागू. आधी माझा वैमानिक भूत बघितल्यासारखा उभा होता.

आता मुद्दा. परवा दुपारी पाऊस तासभर थांबला म्हणून पडवीत मॅट, म्हणजे चमक घालवणाऱ्या, लॅकर वार्निशचा स्प्रे मारला. एक हात, पाच मिनिटांनी दुसरा. दुसरा हात सुकता सुकता सगळ्यावर दुधाळ साय आली. आई बघून म्हणाली, "तुझ्या साहेबाक बुरशी लागली काय रे?" भिंतीवरचं आर्द्रतेचं यंत्र तेव्हा ८८ दाखवत होतं. ते मी मारून झाल्यावर बघितलं, हे कबूल करतो.

घासून काढायची हिंमत नाही, खाली ऑइलचा चेहरा आहे. आई खोबरेल लाव म्हणते. काय करू?

प्रतिसाद :

भाऊ, आधी पांढरं नेमकं कसं आहे ते बघ. सगळीकडे सारखी दुधाळ साय असेल तर तो दमटपणा. पातळ करायचं रसायन भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी ओल्या थरातच अडकतं. पण घड्यांच्या तळाशी पिठूळ भुकटी बसली असेल तर डबा पुरेसा हलवलेला नाही किंवा थर जाड झालाय, ती मॅट करणारी पूड आहे. बुटाच्या मागच्या बाजूला ओलं बोट लाव. ओल असेपर्यंत खालचा रंग परत दिसला तर निम्मी लढाई जिंकलास, कारण मग वर ग्लॉस, म्हणजे चकचकीत वार्निश, गेल्यावरही तसाच दिसण्याची शक्यता आहे. लॅकर थिनर फवारून थर परत वितळवा असं कुणी सांगेल. रिटार्डर (सुकणं लांबवणारं रसायन) असलेल्या थिनरने जमतंही, पण तुझ्या खाली ॲक्रिलिक आणि ऑइल आहे, तिकडे फिरकू नकोस. पाण्यातला ग्लॉस ब्रशने पातळ लाव.

प्रतिसाद :

खोबरेल नको. तेलाने पांढरेपणा जातो हे खरं, त्यासाठी ऑलिव्ह ऑइल वापरणारे आहेत. पण ही तेलं सुकत नाहीत, पुतळा धूळ धरत बसतो आणि पुढचं वार्निश त्यावर टिकत नाही. तुमच्या त्या गणपतीच्या शाळेत मूर्ती सुकवायला दिवे लावले असतीलच. पावसाळ्यात काही फवारायचंच असेल तर तिथल्या कोपऱ्यात जागा मागा. मी आर्द्रतेचा आकडा ६५ च्या वर गेला की लॅकरच्या डब्याला हात लावत नाही. आणि दादा, पुढच्या वेळी ऑइल वापरण्याआधी ते पुठ्ठ्यावर काढून ठेवत जा. जादा तेल पुठ्ठा पितो, रंग मुळातच मॅट सुकतो, चेहऱ्याला वार्निशची गरजच कमी पडते.

धागाकर्ता :

दोघांचेही आभार. ओलं बोट लावलं, बूट लगेच काळे झाले. मग काकांच्या शाळेत दिव्याखाली बसून ग्लॉसचे दोन पातळ हात दिले, मधे एक रात्र ठेवून. गणवेश पूर्ण परत आला, चेहराही. जाकिटाच्या शिवणीत मात्र भुकटी राहिलीय, म्हणजे माझ्याकडे दोन्ही दुखणी एकदम होती. तिथे बारीक ब्रशने परत खाकी भरतोय.

सध्या साहेब शाडूच्या गणपतींच्या रांगेत घाम फुटल्यासारखा चकचकीत उभा आहे. येणारी पोरं मूर्ती सोडून त्यालाच बघतात. काका म्हणाले, चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याका उचल, जागा होयी. मॅट आता दिवाळीनंतरच. तोवर ब्रशने लावायचं, पाण्यातलं, खरोखर मॅट सुकणारं वार्निश कुणी वापरलं असेल तर सांगा. चेहऱ्यावर ब्रशच्या रेघा उमटतात का, तेही.