एक्झेटर शहराची एकस्तरीय कारभाराची मागणी आणि जालन्याची महानगरपालिका: दोन्ही गोष्टी एकच आहेत का?

प्रश्न: वाचक, धाराशिव

नमस्कार. माझी मुलगी इंग्लंडमधील डेव्हन कौंटीत (म्हणजे जिल्ह्यात), एक्झेटर शहरात परिचारिका आहे. तिथल्या सिटी कौन्सिलने भोवतालचे ४९ पॅरिश म्हणजे गावे सोबत घेऊन एकच स्वतंत्र स्थानिक संस्था व्हावी, असा प्रस्ताव सरकारकडे दिला आहे. त्याला तिथे एकस्तरीय संस्था म्हणतात. तिने मला फोनवर विचारले, "बाबा, आपल्या जालन्याची नगर परिषद महानगरपालिका झाली, तसंच आहे का हे?" मी लगेच हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर मनाला लागून राहिले की न समजून घेताच उत्तर दिले. तिच्या दारातला कचरा सिटी कौन्सिलची गाडी नेते, पण पुढे त्या कचऱ्याची विल्हेवाट कौंटी कौन्सिल लावते. बांधकामाची परवानगी एका कार्यालयात मिळते आणि रस्त्यावरच्या खड्ड्याची तक्रार दुसऱ्या कार्यालयात करावी लागते. आपल्याकडे नगर परिषद आणि जिल्हा परिषद यांच्यात कामांची वाटणी अशीच आहे का? शिवाय एक्झेटरने २०१० मध्येही हा प्रयत्न केला होता आणि तो कोर्टात फसला असे ती सांगते. तो का फसला, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: लोकप्रशासनाचा अध्यापक, लातूर

आपला प्रश्न वर्गात विद्यार्थी दरवर्षी विचारतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. दोन्ही गोष्टी एक नाहीत, आणि फरक मतपेटीपासून सुरू होतो. एक्झेटरचा रहिवासी सिटी कौन्सिलसाठीही मत देतो आणि डेव्हन कौंटी कौन्सिलसाठीही देतो, कारण शहर कौंटीच्या पोटात आहे. शाळा, वृद्ध व दुर्बलांची देखभाल, रस्ते आणि ग्रंथालये कौंटीकडे आहेत. घरे, नियोजन आणि कचरा गोळा करणे शहराकडे आहे. दर घरामागे लागणारा कर सिटी कौन्सिल वसूल करते खरी, पण त्यातला सर्वांत मोठा वाटा कौंटीला जातो. यालाच तिथे द्विस्तरीय रचना म्हणतात; एकस्तरीय संस्थेत ही सगळी कामे एकाच कौन्सिलकडे येतात.

आपल्याकडे धाराशिव शहराचा मतदार जिल्हा परिषदेला मत देत नाही. १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्याने ग्रामीण भाग आणि १९६५ च्या नगर परिषद कायद्याने नागरी भाग सांभाळला जातो. या संस्था एकमेकींच्या वर-खाली नाहीत, शेजारी शेजारी आहेत. म्हणून नगर परिषदेची महानगरपालिका होते तेव्हा कोणताही स्तर निघून जात नाही, फक्त संस्थेचा वर्ग बदलतो.

तरीही आपल्या भागात या शेजाराची एक गाठ आहे, तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. हैदराबाद संस्थानाच्या काळातील सरकारी हायस्कुले पुढे जिल्हा परिषदांकडे आली, त्यामुळे मराठवाड्यात अनेक शहरांच्या मध्यवस्तीत जिल्हा परिषदेची प्रशाला उभी आहे. शाळा शहरात, मुले शहरातली, पण ती चालवणारी संस्था निवडण्याचा अधिकार त्या मुलांच्या पालकांना नाही. नगर परिषदेची महानगरपालिका झाली तरी ही स्थिती आपोआप बदलत नाही. एक्झेटरची मागणी मान्य झाली, तर तिथल्या शाळा मात्र नव्या एकाच संस्थेकडे जातील. मुलीला फरक सांगायचा असेल तर हे उदाहरण जरूर सांगा.

इतिहासाचाही एक भाग आहे. १८८८ च्या कायद्याने एक्झेटर हे कौंटी बरो झाले, म्हणजे कौंटीपासून स्वतंत्र असा कारभार त्याला मिळाला. १९७२ चा कायदा १ एप्रिल १९७४ रोजी अमलात आला आणि ते स्वातंत्र्य गेले. त्याच कौंटीतल्या प्लिमथला १९९८ मध्ये ते परत मिळाले, एक्झेटरला मिळाले नाही. तिथल्या मागणीमागे काटकसरीचा हिशोब आहे, तशी गेलेले परत मिळवण्याची भावनाही आहे.

उत्तर २: निवृत्त लेखापाल, जालना

मी नगर परिषदेच्या लेखा विभागात आयुष्य घालवले, म्हणून जमाखर्चाच्या बाजूने लिहितो. जालना २०२३ मध्ये महानगरपालिका झाले. मुख्याधिकाऱ्यांच्या जागी आयुक्त आले, जिल्हाधिकाऱ्यांची देखरेख जाऊन थेट नगरविकास विभागाशी संबंध आला. नगर परिषदेत नगराध्यक्ष लोकांनी थेट निवडलेला असे. महानगरपालिकेत महापौर नगरसेवकांमधून निवडला जातो. शहराचा मान वाढला, पण प्रमुख थेट निवडण्याचा हक्क नागरिकांच्या हातून गेला, याची चर्चा व्हायला हवी होती.

दुसरी बाब पगाराची आहे. नगर परिषदेला वेतनासाठी राज्याचे सहायक अनुदान मिळते. महानगरपालिकेने आस्थापनेचा खर्च मुख्यतः स्वतःच्या उत्पन्नातून भागवावा अशी अपेक्षा असते. आपल्या शहरांचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी आणि नळपट्टी, आणि या दोन्हींची वसुली वेळेवर करणे किती कठीण असते हे मी वर्षानुवर्षे मार्चअखेरीला रात्री उशिरापर्यंत बसून पाहिले आहे. दर्जा वाढल्याने वसुली वाढत नाही. पाण्याचेही तसेच आहे. लातूर २०११ मध्ये महानगरपालिका झाले आणि एप्रिल २०१६ मध्ये त्याच शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, कारण मांजरा धरण कोरडे पडले होते.

उत्तर ३: माजी सरपंच, नांदेड परिसर

सरांनी शहराबद्दल लिहिले, मी त्या ४९ गावांबद्दल लिहिते, कारण हद्दवाढीचा विषय आमच्या भागात प्रत्येक घरात बोलला जातो. आपल्याकडे गाव महानगरपालिकेत गेले की ग्रामपंचायत बरखास्त होते, ग्रामसभा संपते आणि रोजगार हमीचे काम मागण्याचा हक्कही राहत नाही. घरपट्टी मात्र शहराच्या दराने वाढत जाते. ड्रेनेज आणि डांबरी रस्ता पुढे कधीतरी येतो. म्हणून गावातले लोक विरोध करतात, त्यांना विकास नको असतो असे नाही. मजुरी करणाऱ्या बाईला घरपट्टीची पावती पाहून काय वाटत असेल, हे शहरात बसून कळत नाही.

इंग्लंडमध्ये एकस्तरीय संस्था झाली तरी तिच्याखाली पॅरिश कौन्सिल टिकून राहू शकते, हे वाचून मला फार महत्त्वाचे वाटले. गावाला स्वतःचा लहानसा आवाज ठेवून शहरात जाता आले, तर आमच्याकडचा निम्मा विरोध उरणार नाही. आपल्या कायद्यात अशी सोय का असू नये, हा प्रश्न मी आमच्या लोकप्रतिनिधींना विचारणार आहे.

पुन्हा प्रश्नकर्ते, धाराशिव

ताई, सर आणि जालन्याचे काका, तिघांचेही मनापासून आभार. प्रशालेचे उदाहरण मुलीला सांगितले. ती स्वतः अशाच प्रशालेत शिकली, त्यामुळे तिला लगेच उमगले. २०१० चा भाग तेवढा राहिला.

उत्तर १ चे लेखक, लातूर

राहिलेला भाग लिहितो. तिथल्या सरकारने ऑक्टोबर २००६ मध्ये एकस्तरीय संस्थांचे प्रस्ताव मागवले आणि ते तपासण्यासाठी पाच निकष जाहीर केले, त्यांत नव्या रचनेचा खर्च परवडतो का हा एक होता. एक्झेटर आणि नॉरफोक कौंटीतले नॉर्विच शहर हे खर्चाच्या निकषात बसत नव्हते. तरीही फेब्रुवारी २०१० मध्ये मंत्री जॉन डेनहॅम यांनी सबळ कारणे आहेत असे म्हणून दोन्ही शहरांना मंजुरी दिली. खात्याच्या सचिवांनी आक्षेप नोंदवून त्यासाठी मंत्र्यांचा लेखी आदेश मागितला होता. डेव्हन आणि नॉरफोकच्या कौंटी कौन्सिल न्यायालयात गेल्या. जाहीर केलेले निकष बाजूला ठेवायचे होते, तर संबंधितांचे म्हणणे आधी ऐकून घ्यायला हवे होते, या कारणाने उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. एक्झेटरच्या कौन्सिलच्या ज्या जागांची मे महिन्यातली निवडणूक पुढे ढकलली होती, ती सप्टेंबर २०१० मध्ये घ्यावी लागली.

या निकालाचा आपल्याशीही संबंध आहे असे माझे मत आहे. आपल्याकडे महानगरपालिकेसाठी ३ लाख लोकसंख्येचा निकष सांगितला जातो. २०११ च्या जनगणनेत जालन्याची लोकसंख्या २ लाख ८५ हजारांच्या घरात होती. शहर त्यानंतर वाढले हे कोणीही सांगेल, पण २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे वाढ मोजली गेली नाही. निकष कोणत्या आकड्यावर आणि कोणाला विचारून लावला जातो, हे नागरिकांना आधी कळले पाहिजे.

इंग्लंडमधील सध्याच्या फेरीत सरकारच्या डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेने नव्या संस्थांसाठी साधारण ५ लाख लोकसंख्येचे मान सुचवले आहे, आणि एक्झेटरची वस्ती २०२१ च्या गणनेनुसार सुमारे १ लाख ३१ हजार आहे. ४९ पॅरिश सोबत घेण्याची गरज का पडली, हे त्यातून आपल्या मुलीला समजेल. डेव्हनचे निरनिराळे प्रस्ताव नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारकडे गेले असून नव्या संस्था एप्रिल २०२८ पासून सुरू करण्याचे वेळापत्रक आहे. त्यांवर हरकती आणि सूचना मागवल्या जातात तेव्हा तिथल्या रहिवाशांना आपले म्हणणे मांडता येते. तिथे राहणाऱ्या आणि कर भरणाऱ्या आपल्या मुलीनेही ते अवश्य मांडावे.