पाटी दिसते, पण पाय ब्रेकवर जात नाही

नवी 'थांबा' पाटी लागूनही रोज त्याच रस्त्याने जाणारे लोक सुसाट पुढे जातात, ही निव्वळ बेशिस्त, असं काही जण म्हणतात. मला अर्धंच पटलं. रोजच्या रस्त्यावर आपण डोळ्यांनी कमी, सवयीने जास्त गाडी चालवतो. (मीही दोनदा पाटी ओलांडल्यावर जीभ चावली आहे.) स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ ला वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, तेव्हा सुरुवातीला अपघात उलट घटले, कारण सगळेच बिचकून चालवत होते. नवलाई ओसरली तसे आकडे पुन्हा वर गेले. त्यामुळे पहिल्या आठवड्यावरून निकाल लावू नका. आणि पाटीवर फांदी आली असेल तर ती आधी छाटा. अष्टकोनी आकार मागूनही ओळखता येतो, पण पानांआड गेल्यावर काय दिसणार?