फक्त स्वतः शिवलेलेच कपडे घालणारं इथे कुणी आहे का?

काज_बटण

काही वर्षांपासून घरीच शिवतो. सदरे, पायजमे, झोपायच्या पँटी, उशांचे अभ्रे एवढं बऱ्यापैकी जमतं. आता डोक्यात असं आलंय की यापुढे तयार कपडे घ्यायचेच नाहीत. कपाटात आहेत ते विरेपर्यंत वापरायचे आणि त्यांच्या जागी हळूहळू आपल्या हातचे आणायचे. कारण फार उदात्त वगैरे नाही. माझे खांदे रुंद, हात लांब, आणि तयार शर्टाची बाही आजवर कधी मनगटापर्यंत पोचलेली नाही. मापाचा सदरा एकदा अंगात घातला की बाकीचे नकोसे होतात.

अडलंय कुठे, तर होजिअरीत. टी-शर्ट आणि आतले कपडे शिवायला घेतले की मशीन टाके सोडतं. पँट उभं असताना छान दिसते, पण खुर्चीत बसलं की मागची कंबर खाली ओढली जाते. आणि 'फक्त स्वतःचे' म्हणजे नेमके कुठवर? जे खरंच असं करतात त्यांनी सांगावं. 'वेळ कुठून आणता' हा प्रश्न मला घरातून रोज विचारला जातो, तो इथे नको.

उरेब_पट्टी

मी करते. बूट, पायमोजे आणि पावसाळी जाकीट सोडलं तर अंगावरचं सगळं माझ्याच मशिनखालून गेलेलं असतं.

आधी आतल्या कपड्यांचं. लोक तिथे बिचकतात, पण माझ्या मते सुरुवातच तिथून करावी. कापड थोडं लागतं, वाकडंतिकडं झालं तरी कुणाला दिसत नाही, आणि रोज लागणारी वस्तू असल्यामुळे हात पटकन बसतो. टाके सुटतात तेव्हा आपण मशीनला शिव्या देतो, पण बहुतेक वेळा दोष सुईचा असतो. होजिअरीचं कापड म्हणजे एकात एक अडकवलेले फासे. साध्या सुईचं अणकुचीदार टोक ते फासे भोसकत जातं. बॉलपॉइंट सुईचं टोक गोलसर असतं, ती फाशांना बाजूला सारत मधून जाते. 75/11 ची घ्या. टाका सरळ नको, अगदी अरुंद झिगझॅग ठेवा. सरळ शिलाईतला दोरा कापडाबरोबर ताणला जात नाही आणि डोक्यातून घालताना कट्कन तुटतो. गळ्याची पट्टी गळ्याच्या घेरापेक्षा जरा आखूड कापून ताणून बसवायची, म्हणजे गळा उघडा पडत नाही. शिवताना मात्र खालचं कापड ओढायचं नाही, नाहीतर गळ्याला लाटा येतात.

तरीही होजिअरी नाहीच जमली, तर अडून बसू नका. ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी स्पँडेक्स, म्हणजे रबरासारखा ताणला जाणारा धागा, शोधला तो 1958 साली. त्याच्या आधीही माणसं आतले कपडे घालतच होती की! मऊ सुती कापड उरेबात, म्हणजे धाग्यांना तिरकं, कापा. उभ्या-आडव्या धाग्यांचं साधं कापडही तिरकं ओढलं की ताणलं जातं, चड्डीला तेवढा ताण पुरतो.

आता पँट. तुमचं दुखणं आसनात आहे, म्हणजे पुढच्या कंबरेपासून पायांमधून मागच्या कंबरेपर्यंत जाणाऱ्या शिलाईत. माणूस बसला की मागची लांबी वाढते आणि पुढची आखडते, म्हणून मागचं आसन पुढच्यापेक्षा लांब लागतं. पायजम्याला घेर असतो, त्यात हे खपून जातं. पँटीत लपत नाही. टेप पुढच्या कंबरेपासून दोन्ही पायांमधून मागच्या कंबरेपर्यंत न्या आणि तशीच धरून खुर्चीत बसा. ते माप लिहून ठेवा. मग कागदी नमुन्यावर पुढच्या-मागच्या आसनाचं वळण मोजा, टेप आडवी न पसरता काठावर उभी धरून, म्हणजे ती वळणाबरोबर वळते. नमुन्याचं माप कमी भरलं की मागच्या मधल्या शिलाईला कंबरेपाशी बोटभर उंची द्या आणि ती रेघ बाजूच्या शिलाईकडे उतरती न्या. तेवढ्याने भागलं नाही तर मांडीच्या आत येणारं मागच्या आसनाचं टोक अर्धा इंच लांबवा. हे सगळं आधी जुन्या चादरीवर, मोठमोठे कच्चे टाके घालून. चांगलं कापड बेतायला त्यानंतरच घ्यायचं.

एकदा असा नमुना बसला की त्याला सोडू नका. इथे दर आठवड्याला नवा पॅटर्न दाखवणारे बरेच आहेत, आणि त्यांच्यातले बहुतेक बाहेर जाताना तयार कपडेच घालतात. (राग मानू नये, पण आहे असंच.) सगळे कपडे आपलेच हवे असतील तर मोजके नमुने ठेवा आणि तेच पुन्हा पुन्हा शिवा. माझ्याकडे एक सदरा, एक पँट, एक स्कर्ट आणि एक टी-शर्ट आहे. कापड, गळा, खिसे बदलतात, खाकी कागद तेच. एबेनेझर बटरिक यांनी 1863 साली वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला काढले. सोय झाली हे खरंच, पण ते ठरलेल्या मापांचे. तुमच्या लांब हातांचं माप त्यात कुठून येणार?

अर्धी_बाही

कापड विकतचं, दोरा विकतचा, इलॅस्टिक विकतचं. मग 'स्वतःचे' कसले? आणि दुकानातला टी-शर्टसुद्धा कुणीतरी हातानेच शिवलेला असतो.

उरेब_पट्टी

दुसरं वाक्य शंभर टक्के मान्य. कापड लुळं असतं, ते धरून नेमकं सरकवणं यंत्राला अजून नीट साधलेलं नाही. म्हणून कारखान्यातही शिलाई मशीनमागे माणूस बसलेला असतो. बाही मुंढ्यात, म्हणजे सदऱ्याच्या बाहीसाठीच्या भोकात, बसवताना मुंढ्यापेक्षा बाहीचा गोल किंचित मोठा असतो, तो जास्तीचा भाग चुणी न पडता बोटांनी जिरवत न्यावा लागतो. हे स्वतः करायला लागल्यापासून स्वस्त शर्टाची पाटी दिसली की मी आधी त्याची बाही बघते.

पहिल्या वाक्याबद्दल म्हणाल तर रेघ ज्याने त्याने आखावी. मी शिलाईपाशी आखली. सूतही स्वतः काततात आणि कापडही विणतात असे लोक आहेत, त्यांना माझा नमस्कार.

दोन_सुया

पायमोजे का सोडलेत? गोल विणकामाच्या पाच सुया घ्या आणि फक्त टाच समजून घ्या, बाकी नळीच आहे. टाचेला ओळ पूर्ण न करता मध्येच परत फिरायचं, म्हणजे तिथे पिशवीसारखा फुगवटा तयार होतो. लोकर थोडं नायलॉन असलेली घ्या, नुसती लोकर टाचेला लवकर झिजते.

मुंढा

@काज_बटण, एक विचारतो. हात वर केला की तुमचा सदरा पोटापासून वर उचलला जातो का? जात असेल तर मुंढा खोल आहे. काखेत मोकळं वाटावं म्हणून सगळे खाली कोरतात, होतं उलटंच. मुंढा काखेच्या जवळ ठेवा आणि बाहीला रुंदी द्या. हात वर जाईल, सदरा जागेवर राहील. मात्र पहिल्यांदा बाजूच्या शिलाईला माया, म्हणजे शिलाईबाहेरचं जास्तीचं कापड, भरपूर सोडा.

काज_बटण

@मुंढा, हो, अगदी तसंच होतं! मी उलट आणखी खोल करायच्या विचारात होतो. बरं झालं आधी विचारलं.

@उरेब_पट्टी ताई, टेप धरून बसलो. नमुना चांगला दोन इंच कमी आहे. चादरीवर सुरू करतो. एकच शंका, कापड आधी धुवायचं ते सगळंच धुवायचं का? पँटीचं कापड जाड आहे, ते आटेल असं वाटत नाही.

उरेब_पट्टी

जाडही आटतं. विणताना आणि नंतर गिरणीत कापड ताणलेलं असतं, पाण्यात पडलं की तो ताण सुटतो. सुती असेल तर उभ्या धाग्यात जास्त जातं, म्हणजे नेमकी पँटीची उंची. पुढे जसं धुणार तसंच आधी धुवा: गरम पाण्यात धुणार असाल तर गरम पाण्यात, हाताने तर हाताने. कापडाच्या कापलेल्या कडांना आधी झिगझॅग मारून घ्या, नाहीतर बादलीत दोऱ्यांचा गुंता होईल. खिशाचं अस्तरही त्याच वेळी टाका. ते नंतर आटलं तर खिशाचं तोंड आत ओढलं जातं आणि वर कितीही इस्त्री फिरवली तरी सरळ होत नाही.