मणक्याला मार बसलेल्या प्रत्येकाचा दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय व्हायलाच पाहिजे, तुम्हाला काय वाटतं?

कृष्णाकाठ, पलूस
जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा. माझा थोरला भाऊ २०१४ च्या सीझनला उसाच्या भरल्या ट्रॉलीवरनं पडला, छातीच्या भागातला पाचवा मणका मोडला, मज्जारज्जूला मार बसला. रॉड-स्क्रू घातले पण छातीखालचं सगळं गेलं, तेव्हापासनं व्हीलचेअर. हात मात्र दणकट होते, स्वतःचा स्वतः खुर्चीत बसायचा, किराणा दुकानाचा गल्ला सांभाळायचा. आठ वर्षांनी मान दुखायला लागली, शिंक आली की मानेतनं डाव्या हातात कळ जायची. जिथं दाखवत होतो तिथं एक्स-रे काढला, मानेची झीज आहे म्हणाले, पट्टा आणि गोळ्या दिल्या.

मग एक दिवस वहिनी भाकऱ्या करत होती, दादा खुर्ची ओट्याला लावून बोलत बसलेला, त्याचा हात तव्याच्या कडेला टेकला आणि तसाच राहिला. वहिनी ओरडली तेव्हा काढला. करंगळीवर हा एवढा फोड. कळलं नाही का रे म्हणून विचारलं तर म्हणाला, "कशाला तरी हात लागलाय ते कळलं, पोळतंय ते नाय कळलं." हे जसंच्या तसं डॉक्टरांना सांगितलं तरी उत्तर एकच, जुना पेशंट आहे, असं होतं. असे ११ महिने गेले. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी पूर्ण मणक्याचा एमआरआय काढायला लावला, तर मज्जारज्जूच्या आत पाणी भरलेली लांबडी पोकळी, मार बसलेल्या जागेपासनं वर पार मानेपर्यंत. सिरिंक्स म्हणतात त्याला. ऑपरेशन झालं, पुढं वाढायचं थांबलंय, पण डाव्या हाताची पकड गेली ती आली नाही, आता खुर्चीत बसवायला दोन माणसं लागतात.

माझं म्हणणं सरळ आहे. त्रास होवो न होवो, मज्जारज्जूला मार बसलेल्या प्रत्येकाचा ठरावीक वर्षांनी एमआरआय झालाच पाहिजे.

फिजिओ, मिरज
भाऊ, वाचून फार वाईट वाटलं, पण तुमच्या मागणीला माझा विरोध आहे. मी रोज असेच पेशंट बघते. मार बसल्यावर मज्जारज्जूभोवतीचं आवरण चिकटतं, पाण्याचा प्रवाह अडतो आणि पोकळी तयार होते, हे काही महिन्यांत होऊ शकतं नाहीतर वीस वर्षांनीसुद्धा. त्रास देणारी पोकळी शंभरात साधारण ३-४ जणांना होते, पण सरसकट सगळ्यांचे एमआरआय काढले तर त्याच्या कितीतरी पट जणांत काही ना काही दिसतं, आणि त्यातल्या बऱ्याच पोकळ्या तशाच राहतात, वाढत नाहीत. त्रास नसेल तर सहसा ऑपरेशन करत नाहीत, लक्ष ठेवतात. मग त्या माणसाच्या हातात "पोकळी आहे" असा कागद देऊन त्याची झोप उडवण्याशिवाय आपण काय करणार?

आणि स्पष्ट बोलते. तुमच्या दादांचं नुकसान दर दोन वर्षांनी एमआरआय न काढल्यानं झालं नाही, पहिली तक्रार आल्यावर न काढल्यानं झालं. खोकताना-शिंकताना कळ, स्पर्श कळतो पण गरम-गार कळत नाही, ही पुस्तकातली लक्षणं आहेत.

कृष्णाकाठ, पलूस
पुस्तकातली आहेत ना मॅडम, मग ११ महिने कुणालाच कशी ओळखता आली नाहीत? म्हणूनच म्हणतोय माणसाच्या लक्षात येण्यावर सोडू नका. आधीच अपंग आहे म्हटल्यावर त्याचं नवीन दुखणं कुणाला नवीन वाटतच नाही.

कोरेगावची
माझे मिस्टर विहिरीत पडून तसे झालेत, सात वर्षं झाली. दादा तुमचं पटतंय पण एमआरआय काढायचा म्हणजे काय ते माझ्याकडनं ऐका. कोरेगावातनं साताऱ्याला गाडी करून न्यायचं, सोबत दीर पाहिजे, पूर्ण मणका म्हटलं की पाऊण तास त्या कडक फळीवर उताणं, यांच्या पायाला झटके येतात, हललं की फोटो खराब, परत काढा. मागच्या वेळी घरी आल्यावर माकडहाडावर लालसर चट्टा दिसला, तो बरा करायला मला तीन आठवडे दर दोन तासाला कूस बदलावी लागली. पैशाचं तर मी बोलतच नाही. दर दोन वर्षांनी हे आमच्यानं होणार नाही. एकदा काढून ठेवावा हे मात्र मान्य.

माजी सैनिक, सातारा
१९९९ पासून खुर्चीवर आहे. उपचाराला जिथं होतो तिथं वर्षातनं एकदा आम्हाला पालथं-उताणं करून डोक्यापासनं पायापर्यंत टाचणी आणि कापूस लावून बघायचे, कुठं कळतं कुठं नाही ते चार्टवर लिहायचे, मागच्या वर्षीच्या चार्टशेजारी ठेवायचे. माझी रेघ, म्हणजे जिथनं खाली कळत नाही ती हद्द, दोन बोटं वर सरकली ती त्या चार्टवर सापडली, मला स्वतःला पत्ता नव्हता. लगेच एमआरआय झाला. मी म्हणतो टाचणीला काय खर्च येतो? ते सोडून थेट मशीनवर कशाला जाताय?

कृष्णाकाठ, पलूस
साहेब, तुमच्याकडं चार्ट भरणारं माणूस होतं. आमच्या तालुक्यात कोण भरणार?

फिजिओ, मिरज
घरातलं माणूस भरू शकतं की. एका स्टीलच्या पेल्यात गार पाणी, दुसऱ्यात कोमट, डोळे मिटायला सांगून दोन्ही हातांना, खांद्यांना आलटून पालटून लावायचं, महिन्यातनं एकदा वहीत लिहायचं. कोमटच, गरम नको, ज्याला कळत नाही त्याला भाजेल. शिवाय घाम येण्याची जागा बदलली, पायाचे झटके एकदम वाढले, लघवीची सवय बिघडली, हाताची पकड ढिली पडली, यातलं काहीही झालं तर थांबायचं नाही.

एमआरआय टेक्निशियन, सांगली
वाद तुमचा चालू दे, मी कामाचं सांगतो. चिठ्ठीवर नुसतं "मानेचा एमआरआय" असेल तर आम्ही मानच काढणार, पोकळी कुठनं कुठपर्यंत आहे ते कळणारच नाही. डॉक्टरांकडनं "पूर्ण मणका, आडवे कापसुद्धा" असं लिहून घ्या, मार कधी बसला, कुठला मणका, रॉड कशाचे तेही लिहा. टायटॅनियम असेल तर रॉडच्या आसपासचं बरंच दिसतं, स्टील असेल तर तेवढा भाग काळा-वेडावाकडा येतो, तिथं १.५ टेस्लाचं मशीन ३ टेस्लापेक्षा बरं पडतं (टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाची ताकद). एमआरआय जमतच नसेल तर पाठीतनं औषध सोडून सीटी काढतात, सीटी मायलोग्राम. आणि पांढरं दिसलं म्हणजे पोकळीच असं नाही, एमआरआयमध्ये टी-वन आणि टी-टू असे दोन तऱ्हेचे फोटो निघतात, मार बसलेला मज्जारज्जू मऊ पडला तरी टी-टू फोटोत पांढरं दिसतं, म्हणून टी-वन बरोबर लावून बघतात, पाणी असेल तर तिथं काळं आणि कडा स्पष्ट. गाठीची शंका असेल तर शिरेतनं औषध देऊन परत काढतात.

पण मला सगळ्यात जास्त नडतं ते जुना फोटो नसणं. नवीन फोटोत अर्ध्या सेंटिमीटरची पोकळी दिसली तर ती दहा वर्षं तेवढीच आहे का सहा महिन्यांत झालीय, कोण सांगणार?

कृष्णाकाठ, पलूस
हेच! आमचे पहिले फोटो महापुरात गेले, २०१९ ला घरात छातीभर पाणी होतं. दादाची पोकळी कधी सुरू झाली ते आज कुणीच सांगू शकत नाही.
ठीक आहे, कोरेगावच्या ताईंचं वाचून दर दोन वर्षांचा हट्ट मी सोडतो. पण ऑपरेशननंतर सगळं स्थिर झाल्यावर एक पूर्ण मणक्याचा, आणि दोन-तीन वर्षांनी एक, त्रास नसला तरी, एवढं व्हायलाच पाहिजे. यावरनं मी हलणार नाही.

फिजिओ, मिरज
पहिल्याला माझी हरकत नाही. दुसऱ्याला आहे, अजूनही. तेच पैसे फिजिओला आणि चांगल्या गादीला लावा असं मी माझ्या पेशंटला सांगीन.

कोरेगावची
आमची २०१७ ची सीडी आहे पण ओरखडे पडलेत, लॅपटॉपवर उघडत नाही. चालेल का ती?

एमआरआय टेक्निशियन, सांगली
ताई, जिथं काढला तिथं तारीख सांगून विचारा, काही जणांकडं जुना डेटा असतो. नसेल तर मोठ्या काळ्या फिल्म असतील त्या शोधा, तारीख छापलेली असते त्यावर, तुलनेला चालतात. मिळाल्या की गुंडाळून ठेवू नका, फिल्मला फिल्म चिकटते, मध्ये कागद घालून सपाट ठेवा.